इलेक्ट्रिक गाडी चालूच राहिली तर? गाडी नीट बंद करणं आणि आपोआप लागणारी लॉक समजून घेणं

पेट्रोल-डिझेलची गाडी चालू ठेवून सहसा कोणी उतरत नाही. इंजिनाची घरघर, स्टिअरिंगला जाणवणारी थरथर आणि चावी फिरवून काढण्याची सवय या तिन्ही गोष्टी आपल्याला अडवतात. इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच नाही. ॲक्सिलरेटरला पाय लागला की निघेल अशा तयारीत गाडी उभी असते आणि तिचा आवाज येत नाही. चावी तर खिशातून बाहेरही आलेली नसते. पार्किंगला गाडी लावली, पिशव्या उचलल्या, दार लोटलं आणि लिफ्टकडे निघालो, की झालं.

यावर बहुतेक नव्या मालकांचा दिलासा असतो तो 'ती आपोआप लॉक होते ना!' हा. गैरसमज इथेच आहे. आपोआप लागणारी लॉक गाडी बंद आहे असं गृहीत धरून काम करतात. गाडी चालू असताना बहुतेक मॉडेल बाहेरून लॉक व्हायलाच नकार देतात. म्हणजे एका विसरण्यात गाडी चालूही राहते आणि उघडीही राहते. म्हणून बंद करणं आणि लॉक करणं या दोन्ही गोष्टी इथे एकत्रच घेतल्या आहेत.

१. आधी गाडीच्या तीन अवस्था ओळखा

इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक खालची मोठी, जी चाकं फिरवते. दुसरी छोटी १२ व्होल्टची, जी लॉक, दिवे, स्क्रीन, हॉर्न आणि गाडीचे सगळे कंट्रोलर चालवते. कोणती बॅटरी कधी कामाला लागते, यावर गाडीच्या तीन अवस्था ठरतात.

पूर्ण बंद: डॅशबोर्ड काळा, मोठी बॅटरी तोडलेली. छोट्या बॅटरीवर फक्त अलार्म, लॉक आणि मोबाइल ॲपचं मॉड्यूल जागं असतं.

अर्धवट चालू: ब्रेक न दाबता स्टार्ट बटण दाबलं की हे होतं. स्क्रीन लागते, गाणी वाजतात, काचा वरखाली होतात, पण गाडी पुढे जात नाही. बऱ्याच गाड्यांत या वेळी मोठी बॅटरी जोडलेली नसते, म्हणून सगळा भार १२ व्होल्टवर येतो. ओळखायची खूण सोपी आहे: ब्लोअर वारा सोडतो, पण तो गार होत नाही.

रेडी: ब्रेक दाबून स्टार्ट केलं की डॅशबोर्डवर 'रेडी' हे अक्षर किंवा बाणासह गाडीचं हिरवं चिन्ह येतं. आता मोठी बॅटरी जोडली गेली आहे आणि तिच्यातून डीसी-डीसी कन्व्हर्टर छोट्या बॅटरीला सतत चार्ज करतो आहे.

लोक रेडी अवस्थेला जास्त घाबरतात. बॅटरीच्या दृष्टीने मात्र अर्धवट चालू ही अवस्था जास्त त्रासाची आहे. हिशेब करून बघा. रेडीमध्ये एसी बंद असेल तर इलेक्ट्रॉनिक्स साधारण ३०० वॉट खातात. रात्रभराचे १२ तास धरले तर ३.६ युनिट. ३० युनिटच्या बॅटरीत हे १२ टक्के होतात. सकाळी ऑफिसला जाता येईल. एसी चालू राहिला आणि एकूण भार १.३ किलोवॉटच्या आसपास राहिला, तर १० तासांत १३ युनिट, म्हणजे त्याच बॅटरीचे ४३ टक्के जातात. संध्याकाळी ४० टक्क्यांवर आलेली गाडी सकाळी जागची हलणार नाही.

अर्धवट चालू अवस्थेत १० अँपिअर भार आणि ४० अँपिअर-तासांची छोटी बॅटरी धरली, तर कागदावर ४ तास मिळतात. प्रत्यक्षात व्होल्टेज त्याआधीच इतकं पडतं की कंट्रोलर बंद पडायला लागतात. बाजारासमोर गाणी ऐकत थांबलेली गाडी पुन्हा चालू होत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असते, पण ती जोडणारे काँटॅक्टर ओढायला लागणारी १२ व्होल्टची ताकद उरलेली नसते. म्हणून गाडीत बसून वाट पाहायची असेल तर ब्रेक दाबून रेडीमध्येच बसा.

२. उतरण्याचा क्रम हाताला लावून घ्या

हा क्रम रोज, पेट्रोल पंपावर हवा भरायला दोन मिनिटं उतरत असलात तरी, असाच ठेवा.

पहिलं: गाडी पूर्ण थांबू द्या, मग 'पी' (पार्क) आणि हँडब्रेक. प्रत्येक गाडीत 'पी' असतोच असं नाही. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत आर, एन, डी, एस (रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, स्पोर्ट) एवढंच होतं आणि भरवसा हातानं ओढायच्या हँडब्रेकवर होता. अशी गाडी घेतली असेल, विशेषतः सेकंडहँड, तर आधी न्यूट्रल आणि मग हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत.

दुसरं: आता बंद करायचं बटण. हा क्रम उलटा करू नका. गाडी 'डी' किंवा 'एन'मध्ये असताना बटण दाबलं तर अनेक मॉडेल पूर्ण बंद न होता अर्धवट चालू अवस्थेत जातात. डॅशबोर्डचे बरेच दिवे जातात, त्यामुळे बंद झाल्यासारखं वाटतं.

तिसरं: 'रेडी' हे अक्षर गेलं का ते डोळ्यांनी बघा. कानांवर विसंबू नका, तेही दोन्ही बाजूंनी. गाडी चालू असताना शांत असते आणि कधीकधी बंद केल्यावरही बॅटरी थंड करण्यासाठी पंखा काही मिनिटं फिरत राहतो. तो आवाज ऐकून गाडी चालू राहिली असं समजून परत परत बटण दाबणारेही असतात, आणि त्यातच ती अर्धवट चालू करून जातात.

चौथं: चालकाचं दार उघडा. बऱ्याच गाड्यांत स्क्रीन आणि गाणी दार उघडेपर्यंत चालूच राहतात, दार उघडल्यावर जातात. दार उघडूनही स्क्रीन लागलेली असेल किंवा गाडी टुंग-टुंग करत असेल, तर ती काहीतरी सांगते आहे. दार लोटून तो आवाज थांबवू नका, संदेश वाचा.

पाचवं: हाताने लॉक करा आणि खूण बघा. इंडिकेटर लुकलुकले पाहिजेत, आरसे मिटणारे असतील तर मिटले पाहिजेत. हँडल ओढून खात्री करताना एक अडचण आहे: हँडलला स्पर्श होताच उघडणाऱ्या गाड्यांत चावी खिशात असल्याने ओढल्यावर दार उघडतंच. अशा गाडीत आरसे हीच खरी खूण. हँडलवर छोटं काळं बटण असलेल्या गाड्यांत बटण न दाबता हँडल ओढून बघता येतं.

काही गाड्यांत स्टार्ट बटणच नसतं. व्होल्वो एक्ससी४० रिचार्ज सीटवर बसून ब्रेक दाबून गिअर टाकला की निघते आणि चालक उतरला की स्वतः बंद होते. टेस्लाचंही तसंच. यांच्या मालकांना विसरण्याचा धोका कमी, पण घरात दुसरी बटणवाली गाडी असेल तर सवय बिघडते. बटण नसलेल्या गाडीतून रोज उतरणारा माणूस दुसरी गाडी चालू ठेवून जातो.

यात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची, तर एकतर परवानाधारक माणूस चालकाच्या जागेवर हवा, नाहीतर यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला हवा. आवाज येत नाही म्हणून इलेक्ट्रिक गाडी यातून सुटत नाही. विम्याच्या अटींतही वाहन सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी मालकाने घ्यायची असते, आणि चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही चाव्या मागते. रेडीमध्ये सोडलेली गाडी चावीशिवायही चालवत नेता येते. चावी गाडीत नाही म्हणून ती फक्त किंचाळते. धावती गाडी मध्येच बंद पडणं धोक्याचं असल्याने कंपन्या तसं होऊ देत नाहीत.

३. आपोआप लागणारं लॉक म्हणजे एक गोष्ट नव्हे

शोरूममध्ये 'ऑटो लॉक आहे' एवढंच सांगतात. त्यात निदान चार वेगळी वर्तनं मिसळलेली असतात.

वेगाचं लॉक: गाडीने ठरावीक वेग घेतला, साधारण १० ते २० किमी, की चारही दारं लागतात. बंद केल्यावर किंवा 'पी' टाकल्यावर ती उघडतात की नाही, हे मॉडेलवर आणि सेटिंगवर ठरतं.

दूर गेल्यावरचं लॉक: चावी घेऊन तुम्ही दोन-तीन मीटर लांब गेलात की लागतं. त्यासाठी गाडी बंद, सगळी दारं आणि डिकी नीट बसलेली, आणि दुसरी चावी आत नसणं या सगळ्या अटी लागतात. रोहाऊसच्या दारातच गाडी उभी राहत असेल आणि चावी दाराशेजारच्या खुंटीला टांगत असाल, तर चावी टप्प्यातच राहते. मग लॉक लागत नाही आणि गाडी पुन्हा पुन्हा जागी होऊन १२ व्होल्टची बॅटरीही खाते. चावी आतल्या खोलीत ठेवा.

परत लागणारं लॉक: रिमोटने उघडली आणि साधारण अर्ध्या मिनिटात एकही दार उघडलं नाही, तर गाडी स्वतः पुन्हा लॉक होते. अपघाताने बटण दाबलं गेलं तर उपयोगी, पण एक धोका आहे. रिमोटने फक्त डिकी उघडली, सामान ठेवताना चावी आत ठेवली आणि डिकी आपटली, तर चावी आत आणि तुम्ही बाहेर.

चावी आत असल्यास लॉक न होणं: गाडीतले अँटेना चावी शोधतात आणि ती आत असेल तर बीप देऊन लॉक नाकारतात. यावर शंभर टक्के विसंबू नये. चावी स्टीलच्या डब्याखाली, लॅपटॉपच्या बॅगेत किंवा डिकीच्या कोपऱ्यात असेल, किंवा तिचा सेल अशक्त असेल, तर ती सापडत नाही.

आता आतून बाहेर पडण्याचं. १ जुलै २०१९ पासून भारतात प्रवासी गाड्यांना सेंट्रल लॉकिंगसाठी हाताने उघडण्याची सोय सक्तीची आहे. म्हणजे वीज गेली तरी आतून दार उघडलं पाहिजे. काही गाड्यांत हँडल एकदा ओढलं की उघडतं, काहींत पहिल्या ओढीत लॉक सुटतं आणि दुसऱ्या ओढीत दार उघडतं, काहींत लॉकची खुंटी वेगळी असते. बटणाने उघडणारी दारं असतील तर यांत्रिक लिव्हर वेगळ्या जागी असतो. पुढचा सहसा सापडतो, मागचा दारातल्या खिशाच्या तळाशी झाकणाखाली दडलेला असू शकतो. आणि मागच्या दाराला चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर यातलं काहीच चालत नाही. मागच्यांनी पुढे येऊनच बाहेर पडायचं. पावसात तुंबलेल्या पाण्यात गाडी अडकली, तर वीज आहे तोवर सर्वांत आधी काचा खाली करा.

४. एका संध्याकाळी वीस मिनिटांची चाचणी घ्या

मॅन्युअल वाचाच, पण ते अनेक व्हेरिएंटसाठी एकत्र लिहिलेलं असतं. तुमची गाडी नेमकं काय करते ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. घरातलं दुसरं माणूस सोबत घ्या आणि दुसरी चावी त्यांच्याकडे, पंधरा-वीस मीटर लांब ठेवा. चालकाच्या दाराची काच पूर्ण खाली राहू द्या, म्हणजे काहीही झालं तरी हात आत जाईल.

क) रेडीमध्ये 'पी' टाकून, हँडब्रेक लावून, चावी घेऊन उतरा. दार लावा. गाडी किती वेळा आणि किती मोठ्याने बीप देते, ऐका.
ख) तसंच रिमोटचं लॉक बटण दाबा, मग हँडलवरचं. कोणत्याने लॉक लागतं, कोणत्याने नाही?
ग) दहा-पंधरा मिनिटं थांबा. काही गाड्या स्वतः बंद होतात, काही आपोआप बंद होण्याचा वेळ सेटिंगमध्ये ठरवू देतात, काही बॅटरी संपेपर्यंत चालू राहतात. तुमची कोणती?
घ) गाडी बंद करून चावी पुढच्या सीटवर, मग डिकीच्या कोपऱ्यात ठेवून लॉक करून बघा.
ङ) तुम्ही आत बसा, बाहेरच्यांनी रिमोटने लॉक करावं, तुम्ही चारही दारं आतून उघडून बघा. अलार्म वाजेल, अनलॉक दाबला की थांबेल.
च) चावीतलं धातूचं पातं काढून चालकाचं दार उघडा. कुलपाचं भोक बऱ्याचदा हँडलच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली असतं. ती टोपी उजेडात, निवांतपणे एकदा काढून बघा.

जे कळेल ते कागदावर लिहून घरातल्या प्रत्येक चालकाला दाखवा.

५. जवळ काय ठेवायचं

चावीसाठी जादा सेल, बहुतेकींना सीआर २०३२ लागतो, पण उघडून नंबर बघा. दुसरी चावी घरी, गाडीत कधीही नाही. १२ व्होल्टचा छोटा जंप स्टार्टर, महिन्यातून एकदा चार्ज केलेला. तो डिकीत ठेवू नका, कारण वीज गेल्यावर विजेवर उघडणारी डिकी उघडत नाही. उन्हात बंद गाडीतही ठेवू नका, त्यात लिथियम बॅटरी असते. घरी किंवा ऑफिसात ठेवा. काच फोडायची हातोडी चालकाच्या हाताच्या टप्प्यात. आरसी आणि विमा डिजिलॉकरमध्ये, रस्त्यावरच्या मदतीचा नंबर आणि चासी नंबर फोनमध्ये, कारण मदत मागताना चासी नंबर विचारतात आणि तो गाडीत अडकलेला असतो. मॅन्युअलमधली तीन पानं फोटो काढून ठेवा: आणीबाणीत दार उघडणं, १२ व्होल्टला जंप देणं, अडकलेली चार्जिंग गन सोडवणं.

कंपनीच्या ॲपवरून गाडी बंद आहे का, लॉक आहे का ते दिसतं. ब्लूलिंक किंवा आय-स्मार्टसारखी ॲप उपयोगी आहेत. पण तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसेल तर स्क्रीनवर जुनी स्थिती दिसत राहते. 'शेवटचं अपडेट' कधीचं आहे ते आधी बघा.

६. गाडी चालू राहिल्याचं कळलं, आता काय

घाबरून जाण्यासारखं सहसा नसतं. पूर्ण इलेक्ट्रिक गाडी धूर सोडत नाही. परत जाऊन आत नीट बघा, 'पी' आणि हँडब्रेक तपासा, बंद करा, लॉक करा. चार्ज बघून चार्जिंगला लावा. शून्याजवळ गेलेली बॅटरी दिवसेंदिवस तशी ठेवू नका. शून्य झालीच असेल तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरच न्या. चाकं रस्त्यावर टेकवून ओढल्यास मोटर फिरते आणि तिच्यात वीज तयार होऊन नुकसान होऊ शकतं.

हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीची गोष्ट मात्र वेगळी आणि गंभीर आहे. इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड रूपांतही 'रेडी' असतं आणि उभी असताना इंजिन बंद असतं. बॅटरी उतरली की पेट्रोल इंजिन स्वतःहून सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. गॅरेजला लागून झोपायची खोली असेल तर ही गाडी रेडीत राहणं जिवावर बेतू शकतं. आधी गॅरेजचं दार उघडा, हवा खेळू द्या, मगच आत जा.

७. १२ व्होल्ट उतरली आणि गाडी मेल्यासारखी झाली

रिमोट चालत नाही, स्क्रीन काळी. चावीच्या पात्याने चालकाचं दार उघडा. डॅशबोर्डखालची खटकी ओढून बॉनेट उघडा, ती केबलवर चालते. नारिंगी रंगाच्या जाड केबलांना हात लावायचा नाही, त्या मोठ्या बॅटरीच्या आहेत. छोट्या बॅटरीच्या अधिक टोकाला लाल चिमटा. काळा चिमटा बॅटरीच्या वजा टोकाला नाही, तर मॅन्युअलने दाखवलेल्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला. जंप स्टार्टर चालू करा, ब्रेक दाबून स्टार्ट करा. पेट्रोल गाडीसारखा शेकडो अँपिअरचा झटका इथे लागत नाही, फक्त कंट्रोलर जागे व्हायला हवेत.

रेडी आलं की उलट्या क्रमाने चिमटे काढा आणि गाडी निदान तासभर रेडीतच राहू द्या, म्हणजे कन्व्हर्टर छोटी बॅटरी भरेल. या तासात गाडी सोडून जाऊ नका.

शेजाऱ्याची बंद पडलेली पेट्रोल गाडी तुमच्या इलेक्ट्रिक गाडीवरून जंप करून देऊ नका. बहुतेक कंपन्या हे मना करतात, कारण स्टार्टर मोटरचा भार कन्व्हर्टरला झेपत नाही. आणि चावीचा सेल गेला असेल तर एवढी खटपट नको: चावी स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेला टेकवून बटण दाबा.

महिन्यात दोनदा छोटी बॅटरी उतरली तर ती विसरण्याची चूक राहिलेली नाही. बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा बाहेरून बसवलेला डॅशकॅम, ट्रॅकर तिला रात्रभर खातो आहे. सर्व्हिस सेंटरला गाडी बंद असतानाचा करंट मोजायला सांगा.

८. मूल आत अडकलं तर

यात थांबायचं नाही. उन्हात बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंश वाढतं आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. गाडी रेडीत असून एसी चालू असेल तर थोडा वेळ हाताशी आहे, पण तो किती ते बाहेरून कळत नाही. मूल बटणं दाबून एसी बंद करू शकतं, गिअरच्या नॉबशीही खेळू शकतं.

दुसरी चावी पाच मिनिटांत येणार असेल तरच वाट बघा. त्याच वेळी ॲपवरून अनलॉक करून बघा आणि ११२ ला फोन करा. मूल मलूल वाटलं, उत्तर देत नसलं, तर लगेच काच फोडा. मुलापासून सर्वांत लांबच्या बाजूच्या काचेचा खालचा कोपरा निवडा. पुढची मोठी काच फुटून पडत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

९. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना

हॉटेलच्या दारात व्हॅलेला (गाडी पार्क करून देणाऱ्या माणसाला) गाडी देताना चावी खिशात ठेवून उतरलात, तर तो रेडीतली गाडी घेऊन निघून जातो, पार्क करून बंद करतो आणि मग ती चालू होत नाही. म्हणून आधी तुम्ही बंद करा, मग चावी हातात द्या, आणि परत घेताना 'रेडी' गेलं आहे का हे आत डोकावून बघा. टॅक्सी परवान्याची इलेक्ट्रिक गाडी असेल तर मागच्या दारांचं चाइल्ड लॉक वापरायला जुलै २०१९ पासून मनाई आहे, तेवढं चालकाला सांगा. घरातल्या ज्येष्ठांना गाडी देत असाल तर नुसतं तोंडी सांगून भागत नाही. चौथ्या भागातली क आणि ख ही चाचणी त्यांच्याच हातून एकदा करून घ्या, म्हणजे गाडी चालू राहिल्यावरचा बीप त्यांच्या ओळखीचा होईल.